दत्तारामच्या घराला जोडलेला सोपा

घर कसंही असो, फोटोत ते देखणं करून देणं हा माझा धंदा. विजेच्या तारा पुसतो, भिंती रंगवतो, कौलं नवी घालतो. डिचोलीत माझ्या दुकानावर 'शिवदास फोटो' अशी पाटी आहे, पण लोक मला गवंडीच म्हणतात. मला राग येत नाही, उलट बरंच वाटतं.

सर्वणचा दत्ताराम माझा बालमित्र. त्याच्या गौरवीला पेडण्याहून स्थळ आलं, आणि मुलगा तिला मनापासून आवडला. घर बघायला येण्याआधी मुलाकडच्यांनी फोटो मागवला, तेव्हा दत्तारामचं तोंड उतरलं. घर उघड्या चिऱ्यांचं, गिलावा नाही, दारात बसायला सोपासुद्धा नाही.

"कर रे कितें तरी," तो म्हणाला.

मी केलं. गिलावा दिला, पिवळा रंग दिला, आणि दारापुढे ऐसपैस दगडी सोपा जोडला. जुन्या फोटोंतली दारं, खिडक्या, सोपे मी जपून ठेवतो. त्यांतला सगळ्यांत देखणा उचलला.

गौरवी भडकलीच. "शिवदासकाका, हें आमचें घर न्हय! तीं आयलीं काय कितें सांगूं?"

पण तोवर बापाने फोटो पाठवलाही होता.

रविवारी मंडळी आली. मुलाची आई, सुमंगलाबाई, गाडीतून उतरली. तिने चिऱ्यांकडे बघितलं, मग फोनकडे. दत्तारामने मान खाली घातली. मला तर पळून जावंसं वाटलं.

"हो फोटो कोणें केलो?"

"हांवें," मी म्हणालो.

"हो सोपो आमचो. कोनशाचो टवको पळय. म्हज्या घोवान थंय नाल्ल फोडलो."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिच्या नवऱ्याने नारळ फोडताना सोप्याच्या कोपऱ्याचा टवका उडाला, त्या आठ वर्षांपूर्वीच्या वास्तुशांतीला मीच फोटो काढायला गेलो होतो. शेकडो सोपे असताना नेमका व्याह्यांचाच उचलला! अक्कल गहाण ठेवली म्हणतात ती हीच.

गौरवी पुढे झाली. "आमचें घर हें अशें. फोटो फट," फोटो खोटा असल्याचं तिने स्पष्टच सांगून टाकलं.

"फोटो आयलो तेन्नाच सोपो वळखलो," सुमंगलाबाई म्हणाली. "तरी आयलें. गौरवीक, ह्या चलयेक, पळोवंक आयलें, गिलाव्याक न्हय."

मग दत्तारामकडे वळून ती हसत म्हणाली, "तुमी सोपो बांदूं नाकात. चली आमच्याच सोप्यार येवन बसतली."