चुलीत पाणी

धुकं गुडघ्याच्या वर चढत नव्हतं. डिसेंबरातलं धुकं शेतातून उठतं आणि ऊन लागलं की विरतं. हे हायवेच्या कडेवरून खाली येत होतं, गटाराच्या वळणाने वळत, पाणी उतार शोधतं तसं. परसात भांडी घासणारी तुळशी हातातली राख न झटकताच उभी राहिली. मग वास आला, कुजलेल्या कोबीसारखा. मघाशी काहीतरी धाडकन वाजलं होतं. अच्छाडकडे जाणाऱ्या ट्रकचा टायर फुटला असेल, असं तिला वाटलं होतं. आता वळणावर आडवा झालेला गॅसचा टँकर दिसला.

नोटाबंदीच्या हिवाळ्यातही याच वळणावर टँकर पडला होता. पोलिसांच्या गाडीवरचा भोंगा ‘आग बंद करा, आग बंद करा’ म्हणत पाड्यावर फिरला. तुळशीची जाऊ भिकी, तिने आग बंद केली. म्हणजे तिला ठाऊक होती तशी, निखाऱ्यांवर राख ओढली. संध्याकाळी फुंकर घातली की पुन्हा पेटावी म्हणून. भरल्या घराच्या चुलीत कोणी पाणी ओतत नाही. ओततात ते घरातलं माणूस गेल्यावर. मग भिकी कोंबड्या डालायला मागे राहिली. गॅस हवेहून जड. तो जमिनीलगत सरकत उंबरा ओलांडून आत गेला, आणि राखेखाली निखारा जागा होता.

आता भिकीच्या घराचं जोतं तेवढं उरलं होतं.

तेव्हापासून तुळशीच्या तोंडात एक वाक्य अडकून होतं. मुलगा नितीन वाणगावला मिरचीच्या वाडीवर कामाला होता. मालकाने राहायला दोन खोल्या दिल्या होत्या, तो सारखा बोलवायचा. तिने विषय काढला की नवरा, चैत्या, हसायचा. दुसऱ्याच्या वाडीत राखणदार होऊन मरू का, विचारायचा. आणि शेवटी म्हणायचा, “आपण आधी होतो. रस्ता मागून आला.” ते खरंच होतं. म्हणून तुळशी आपलं वाक्य गिळायची.

ती घरात धावली. चैत्या चुलीपुढे उकिडवा बसून विडीसाठी निखारा निवडत होता. तिने त्याच्या ओठांतली विडी काढून घेतली. तोवर वास त्यालाही आला.

“राख ओढ नि चल,” तो म्हणाला.

तुळशीने भरलेला हंडा उचलला आणि चुलीत रिकामा केला. चूल फुत्कारली. घर वाफेने भरलं, काळं पाणी चैत्याच्या पायांपर्यंत वाहत आलं. तो त्या पाण्याकडे बघत राहिला.

“कोण मेलं गं घरात?”

“अजून कोणी नाही,” ती म्हणाली आणि त्याचं मनगट धरून बाहेर पडली.

वाटेत ती दारादारांत ओरडत गेली. बंद करा नव्हे, पाणी ओता. म्हाताऱ्या सुकीने तिला अवदसा म्हटलं, सकाळी सकाळी असलं बोलते म्हणून शिव्या दिल्या. पण चुलीतल्या काळ्या पाण्याने भिजलेला तुळशीच्या लुगड्याचा काठ पाहिला आणि गुपचूप कळशी उचलली.

सगळा पाडा टेकडीवर चढला. तिथून दिसलं, पांढरा थर भिकीच्या जोत्यावर पसरला, थोडा थांबला, मग तुळशीच्या दारातून आत गेला. वाट माहीत असलेल्या पाहुण्यासारखा. तुळशीने चैत्याकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.

बंबवाले येऊन पाणी मारत राहिले. काही पेटलं नाही. दुपारी क्रेनने टँकर उचलला, पोलिसांनी आता घरी जा म्हणून सांगितलं. वाट मोकळी झाल्यावर वळणावरून पहिली गाडी गेली तो गॅसचा टँकरच होता.

चैत्याला हुरूप आला. पाड्यात एकही चूल सुकी नाही, आता विस्तव मागायला तुळशीच्या माहेरी जावं लागणार, असं तो सुकीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. सुकी हसली. घरात येऊन त्याने कोरडी लाकडं आणली आणि काडेपेटी पुढे केली.

“पेटव. झालं ते झालं.”

तुळशीने चुलीवर हात ठेवला. सासूने घातलेली चूल, दर सणाला तिने सारवलेली. एका बाजूची माती भिजून खचली होती. हाताला गार लागली.

तिने काडेपेटी घेतली आणि पदरात बांधली.

“रस्ता काही उठून जायचा नाही, नितीनच्या बा,” ती म्हणाली. “आपणच उठू.”