फायबरच्या डोंग्याला लाकडाचे औषध

मित्रांनो, मी एक जुना डोंगा, म्हणजे नदीतली होडी आहे, पण लाकडाचा नाही. फायबरचा आहे. हे ऐकून तुमच्यातला एखादा मला नखाने कोरून बघणार, मला ठाऊक आहे. बघा बापडे! आयुष्यभर हेच झाल्यामुळे माझाही स्वभाव संशयी झाला. कोणी माझे कौतुक करू लागले की मला वाटते, याच्या मनात काहीतरी आहे.

माझा जन्म नागपूरच्या एका शेडमध्ये झाला. भंडाऱ्यापासून गोंदिया वेगळा होऊन तेव्हा सात-आठ वर्षे झाली होती. कारागिरांनी साच्यात काचेच्या धाग्यांची चटई अंथरली. काच वितळवून केसाहून बारीक ओढलेले ते धागे! त्यांवर चिकट राळ ओतली, रूळ फिरवून हवेचे बुडबुडे काढले, मग पुन्हा चटई आणि पुन्हा राळ. असे पाच थर झाले. तुम्ही कुडाची भिंत पाहिली असेल. नुसती माती भेगाळते, नुसत्या काड्या हलतात, दोन्ही मिळून भिंत उभी राहते. माझ्यातही तसेच आहे. धागे ताण सोसतात, आणि वाळून कडक झालेली राळ त्यांना जागेवर धरून एकाचा भार दुसऱ्याला वाटून देते. ती पकड सुटली तर माझ्यात काही राहत नाही.

मासेमारांच्या संस्थेने मला पवनीजवळच्या एका गावात आणले आणि वैनगंगेच्या घाटावर जागेश्वर नावाड्याच्या स्वाधीन केले. पहिल्याच दिवशी गर्दी जमली. उषाबाई सर्वांत पुढे. पलीकडच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणा म्हणजे लावणी करायला बाया नेण्याचे काम त्यांच्याकडे असे.

"हा पिलास्टिकचा डोंगा उनात वितळला तं?" त्यांनी विचारले. "मंग आमी का पोहत येऊ?"

जागेश्वरलाही खात्री नव्हती. महिनाभर त्याने माझ्यातून फक्त जाळी नेली, माणसे नाही. मला त्याचा राग आला होता.

पुढे विश्वास बसला. इतका बसला की माझ्याकडे कोणी नीट बघेनासे झाले. "लोखंड हाय, लोखंड!" उषाबाई म्हणायच्या. मला ते खटकायचे. लोखंडाला पोचा पडला की दिसतो. माझे दुखणे आतल्या आत वाढते.

दहा वर्षांनी, एका चैत्रात, मी खडकावर आपटलो. डाव्या कुशीला केसाएवढी भेग पडली. जागेश्वरला फार वाईट वाटले. त्याच्या वडिलांकडे लाकडी डोंगा होता. उन्हाळ्यात फळ्या सुकून फटी पडल्या की वडील त्यात दगड भरून तो डोहात बुडवून ठेवत. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि फट आपोआप बुजते. तेच औषध जागेश्वरने मला दिले.

वैशाखभर मी उरावर दगड घेऊन डोहात पडून होतो. तो रोज येऊन मायेने बघून जायचा. पण मी फुगणार कसा? पाणी भेगेतून शिरले, धाग्यांच्या कडेकडेने आत सरकले आणि राळेची पकड सुटत गेली. थरापासून थर वेगळा झाला. मला सगळे कळत होते, पण ओरडता येत नव्हते. मग त्याने मला वर काढले, भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि निळा रंग दिला. मी नव्यासारखा दिसू लागलो. स्वतःच्या त्या रूपाची मलाच भीती वाटली.

आषाढात रोवणा लागला. नदी भरून वाहत होती. काठावर बारा बाया उभ्या होत्या, त्यांत जागेश्वरची बायको धुरपताही होती. तिने माझ्या उजव्या कुशीवर बोटांच्या पेरांनी ठोकले. मग डाव्या कुशीवर ठोकले.

"काहून ठोकून राहिली तू?" जागेश्वर म्हणाला.

"बाजारात मडकं वाजवूनच घेतो ना जी. तिकडं ठणठण वाजते, इथं भदभद वाजून राहिलं."

"दहा वर्सं झाले. कई बुडवलं का यानं?"

"मले डोंग्याची शंका नाई जी. तुमच्या रंगाची हाय. त्याच्याखाली का हाय?"

उषाबाई हसल्या. "चाल वो, उशीर होऊन राहिला! नवऱ्यावरच भरोसा नाई का तुले?"

बायाही हसल्या. धुरपताने माझा दोर मनगटाला गुंडाळला आणि ती चिखलात बसली. "मी सोडत नाई," एवढेच म्हणाली.

चारचौघांत जागेश्वरची शोभा झाली. "थांब, दाखवतोच तुले!" असे म्हणत त्याने बारा बायांच्या वजनाचे दगड माझ्यात भरले आणि एकटाच चढून वल्ह्याने मला प्रवाहात लोटले. दोराची लांबी संपायच्या आत माझी डावी कूस दबली. रंग फाटला, थर सुटले आणि पाणी भडाभडा आत आले. मी कलंडलो, दगड नदीत गेले आणि जागेश्वर प्रवाहात पडला. दोर धरून तो वाचला. तो दोर धुरपताबरोबर सगळ्या बायांनी ओढला, उषाबाईंनी सर्वांत जोराने.

वर आल्यावर त्याने काठावरच्या एकेका बाईकडे पाहिले. निम्म्यांना पोहता येत नव्हते.

"म्याच केलं हे," तो म्हणाला. "म्या त्याले लाकूड समजलो वो."

मित्रांनो, मी आता काठावर पालथा पडून आहे. जागेश्वरची माया कमी नव्हती. त्याने विचारले नाही, एवढेच. कशाचीही काळजी घ्याल तेव्हा ते कशाचे बनले आहे हे आधी विचारा. माझ्या जागी दुसरा फायबरचा डोंगा आला आहे. त्याला भेग पडली तर त्याला पाण्यात ठेवू नका. सुकवा, सुटलेला थर तासून काढा आणि नवी चटई बसवा. आणि तो कितीही चांगला दिसला तरी त्याच्यावर शंका घेत जा. धुरपताने घेतली, म्हणून त्या संध्याकाळी बारा घरी चूल पेटली.