चारशे त्रेसष्ट भुतं आणि पानावरचा पासवर्ड

तेलगावात आप्पांच्या अंगणात त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका ओसरीवर, बापे अंगणात, आणि ज्यांना कुठंच जागा मिळाली नाही ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून बसलेले. सगळ्यांचे डोळे शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर खिळले होते. तिथं नवाकोरा कॉम्प्युटर मांडला होता. त्याच्या पडद्यावरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं आणि तेवढ्यात त्याला भूतबाधा झाली होती. निदान संगणकनाथ महाराजांचं तरी तसं म्हणणं होतं.

"बघा, डोळे फाडून बघा!" महाराज गरजले.

पडद्यावर लाल कवट्या नाचत होत्या. खाली आकडा चढत होता. शंभर, दोनशे, साडेतीनशे. मग भोंगा वाजला आणि अक्षरं उमटली: 'तुमच्या सी ड्राइव्हमध्ये ४६३ व्हायरस सापडले!'

"अय माय!" ओसरीवरून एकच आवाज उठला.

महाराजांनी लिंबू कापलं, धूप फिरवला आणि 'ॐ डिलीटाय नमः, ॐ फॉरमॅटाय नमः' असा जप सुरू केला. आकडा उतरू लागला. चारशे, तीनशे, शंभर, शून्य. पडदा हिरवागार झाला, शंख वाजला. ट्रॉलीवरच्या मंडळींनी टाळ्या पिटल्या आणि आप्पांनी दोन्ही हात जोडले.

"व्हायरस म्हंजी काय?" महाराज आता रंगात आले होते. "इंग्रज म्हणतो व्हायरस. मूळ शब्द आपला हाय, वायुरस! वाऱ्यातून येणारा रस. अन् ह्या कॉम्प्युटरात काय असतंय? विंडोज. विंडो म्हंजी खिडकी. खिडक्याच खिडक्या, दार एकबी न्हाई! मंग वारं शिरंल न्हाई तर काय व्हईल?"

शेजारचे पंडित जरा चौकस; त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचीही भुतं मागं महाराजांनीच उतरवली होती. ते म्हणाले, "पण महाराज, कॉम्प्युटर परवाच आलाय. दोन दिसात एवढी भुतं?"

"खोक्यातूनच आल्यात! खोक्यावर बाण काढून 'ही बाजू वर' असं लिहिलं व्हतं का न्हाई? कावून लिहिलं व्हतं?"

महाराजांनी बोट वर केलं.

"खालून भुतं शिरत्यात म्हणून!"

गर्दीनं माना डोलावल्या. एवढ्या वर्षांत खोक्यावरचा बाण असा कुणी उलगडून सांगितला नव्हता.

आप्पांची सून दीपमाला दाराआड उभी होती. हा कॉम्प्युटर तिच्यासाठी आणलेला. लग्नाआधी टायपिंगच्या परीक्षेत ती तालुक्यात पहिली आली होती. लग्नानंतर सहा वर्षं ती बोटं भाकरी थापण्यात गेली, त्याची तिला तक्रार नव्हती, पण हुरहुर होती. आता पुण्याच्या एका कंपनीनं घरी बसून जुने कागद टाइप करण्याचं काम देऊ केलं होतं. अट एकच होती. कागद लोकांच्या जमीनजुमल्याचे, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस आणि फायरवॉल सुरू असायला हवं, आणि ते सुरू असल्याचा फोटो सोमवारी दहाच्या आत पाठवायला हवा. तिनं ते आप्पांना वाचून दाखवलं. आप्पांनी त्यातला 'व्हायरस' तेवढा ऐकला आणि महाराजांना निरोप धाडला.

"आता फायरवॉल," महाराज म्हणाले. "फायर म्हंजी आग, वॉल म्हंजी भिंत. पूर्वी पटकी आली की गावाची शीव बांधायचे. तशी ह्याची शीव बांधायची."

त्यांनी टेबलाच्या चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकले, त्यांना दोरा गुंडाळला, भोवती राख टाकली. माऊस आधीच पिवळ्या फडक्याखाली झाकलेला होता. "उंदीर तिथं साप," असं त्याचं कारण. पूजा चालू असताना त्याला कुणी हात लावायचा नाही, ही ताकीद तर आल्या आल्या दिली होती. मग त्यांनीच फडक्याखाली हात घालून काहीतरी उघडलं. पडद्यावर छोटी निळी ढाल दिसली.

"हा कंपनीनं फुकट दिलेला पहारेकरी. परदेशी हाय. ह्याला मराठी भुतं वळखू येत न्हाईत." टिकटिक झाली आणि पहारेकरी घरी गेला.

याच कॉम्प्युटरवर काल आपण मराठीत टाइप केलं, मग पहारेकऱ्यालाच कशी मराठी येत नाही, असं दीपमालाच्या ओठांवर आलं होतं. पण सासरा पुढं, गाव मागं. 

जाताना महाराजांनी कॉम्प्युटरला लावलेला लाल पेनड्राइव्ह काढून आप्पांच्या हाती ठेवला. "सिद्ध केलेला हाय. देव्हाऱ्यात ठेवा, उघडू नका. अन् रविवारी मी परत येतो. तवा समद्या आळीनं आपापला पासवर्ड विड्याच्या पानावर लिहून आणायचा. मोबाइलचा, बँकेचा, जो असंल तो. शाईनं न्हाई, चुन्यानं लिहायचा. मी एकदाच समदे बांधून देतो."

चुना लावणे म्हणजे काय, हे पाळण्यापासून माहीत असलेली शंभर-सव्वाशे माणसं तिथं होती. एकालाही ठसका लागला नाही.

दीपमालानं पूजेच्या वेळी दाराआडून मोबाइलवर काढलेला हिरव्या पडद्याचा आणि त्या ढालीचाही फोटो पुण्याला पाठवला. तासाभरात तेजश्री मॅडमचा फोन आला.

"दीपमालाताई, हे कुठलं अँटीव्हायरस? यात शंख का आहे? आणि दुसऱ्या फोटोत तर तुमच्या कॉम्प्युटरचं स्वतःचं संरक्षण बंद दिसतंय. ते सुरू करा. सोमवारी दहापर्यंत झालं नाही, तर यादीतल्या पुढच्या बाईंना काम द्यावं लागेल. माझा नाइलाज आहे."

तिनं आप्पांना सांगितलं. आप्पा उखडले. "बांधणी मोडायची न्हाई! घरादारावर काय आलं तर कोण निस्तरणार? ती पुण्याची बाई?"

नवऱ्याकडं पाहिलं, तर सुग्रीवला एकाएकी बैलांना पाणी पाजायची आठवण झाली. दीपमालाला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. सहा वर्षांनी दार उघडलं होतं आणि त्याला चार खिळे ठोकून दोरा बांधला होता.

गुरुवारी दिवेलागणीला सासूबाई बायनाबाई कीर्तन ऐकायला बसल्या. त्यांच्या माहेरच्या भाच्यानं कीर्तनं भरलेला एक पेनड्राइव्ह दिला होता. तो टीव्हीच्या मागं खुपसायचा, रिमोटचं बटण दाबायचं, हे त्यांना झोपेतही जमत असे. पोरांनी पळवू नये म्हणून तोही देव्हाऱ्यातच असायचा. तोही लालच होता.

दीपमाला चुलीपुढं होती. आतून किंकाळी आली.

"दीपे! अगं पळ! टीव्हीला लागली!"

ती धावत गेली. टीव्हीवर कवट्या नाचत होत्या. बायनाबाई एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन टीव्हीवर चिमटीचिमटीनं कुंकू फेकत होत्या. भोंगा वाजला. 'तुमच्या सी ड्राइव्हमध्ये ४६३ व्हायरस सापडले!'

"आत्याबाई," दीपमाला हळूच म्हणाली, "टीव्हीला कुठला आलाय सी ड्राइव्ह?"

"मला काय म्हाईत? मी तर बुवांचं कीर्तन लावलतं!"

घाबरलेल्या बायनाबाईंचा अंगठा रिमोटवर पडला. कवट्या जागच्या जागी थांबल्या. पुन्हा दाबला, नाचू लागल्या. त्यांनी मागं घेण्याचं बटण दाबलं. चारशे त्रेसष्टचे तीनशे झाले, शंभर झाले. पुढं घेतलं, परत वाढले. 

"हे तर कीर्तनावानी मागंपुढं व्हतंय की गं," बायनाबाई म्हणाल्या. "बुवा काय बोलले ते कळलं न्हाई की मी असंच मागं घेते."

दीपमाला खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. भुतं नव्हतीच. महाराजांच्या लाल पेनड्राइव्हवरचा सिनेमा होता.

"आप्पांना सांगू का आत्ता?"

"आत्ता सांगितलं तर त्यांचा अपमान, अन् त्यांना पटायचंबी न्हाई. रविवारी चारचौघांत दाव," बायनाबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं संसार केलेली बाई नवरा ओळखून असते.

रविवारी अंगण परत भरलं. प्रत्येकाच्या हातात चुन्यानं गिरवलेलं पान. कुणी पोराच्या नावापुढं जन्मसाल लिहिलं होतं, कुणी म्हशीचं नाव. अक्षर लागतंय का ते एकमेकांना दाखवणंही चालू होतं. महाराज पाटावर टेकतात न टेकतात तोच दीपमाला पुढं आली.

"महाराज, आमच्या टीव्हीलाबी बाधा झालीय."

महाराज क्षणभर थबकले. पण गिऱ्हाईक आपल्या पायानं आलेलं. "व्हणारच! वायुरस एका यंत्रातून दुसऱ्यात जातो. आणा टीव्ही!"

सुग्रीवनं टीव्ही ओसरीवर आणून ठेवला. दीपमालानं देव्हाऱ्यातला महाराजांचा पेनड्राइव्ह त्याला खुपसला. कवट्या आल्या, भोंगा वाजला, चारशे त्रेसष्ट. महाराजांचा चेहरा उतरला, पण माघार कशी घेणार? त्यांनी डोळे मिटून जप सुरू केला. "ॐ डिलीटाय नमः..." आकडा उतरू लागला. बायनाबाईंनी पदराखालचा रिमोट दाबला.

आकडा दोनशे बारावर थांबला.

"ॐ फॉरमॅटाय नमः!" महाराजांचा आवाज चढला. आकडा दोनशे बाराच.

बायनाबाईंनी दुसरं बटण दाबलं.

"महाराज, वाढाया लागली की!" पंडित ओरडले. "अडीचशे! तीनशे!"

महाराजांनी डोळे उघडले, टीव्ही पाहिला आणि घाईघाईनं दोन लिंबं एकदम कापली. बायनाबाईंनी रिमोट वर धरला आणि सगळ्यांदेखत भुतं पुढं नेली, मागं आणली, थांबवली, परत नाचवली.

"रिमोटला बाधा झालीय!" महाराज किंचाळले.

"सेल नवे हायत," बायनाबाई म्हणाल्या.

अंगणात असा हशा उसळला की ट्रॉलीवरचा एक गडी खाली पडला. त्यातच पंडितांच्या डोक्यात प्रकाश पडला. "थांबा. माझा कॉम्प्युटर तीन वर्षांचा, त्यात चारशे त्रेसष्ट. ह्यांचा तवा दोन दिसांचा, त्यातबी तेवढेच. टीव्हीतबी तेवढेच. भुतं काय पाट मोजून पंगतीला बसत्यात व्हय?"

दीपमाला आता थांबली नाही. "हा व्हिडिओ हाय. कॉम्प्युटर तपासणारा प्रोग्राम न्हाई. व्हिडिओ चालू असताना माऊस हलला की खाली चालू-बंदची पट्टी दिसती. म्हणून उंदीर झाकायचा! जप मोठा झाला म्हणून आकडा उतरत न्हाई. आकडा कवा उतरतो ते पाठ करून जप केलेला हाय. अन् खरा पहारेकरी, कॉम्प्युटरबरुबर आलेला, तो ह्यांनी बंद केला. का, तर कुलूप काढून घ्यायचं अन् वर किल्लीबी पानावर मागून घ्यायची!"

 लोकांनी आपापल्या हातातल्या पानाकडं पाहिलं. त्यावर त्यांच्या घराची किल्ली चुन्यानं लिहिलेली होती. आप्पांनी कमरेची चंची सोडली, पानावर सुपारी-कात ठेवला, विडा केला आणि तोंडात टाकला. मग सगळी आळीच पासवर्ड चघळू लागली.

"गिळला ते बरं केलं," दीपमाला म्हणाली, "पण तरीबी बदला. मघापासून एकमेकाला दावीत बसलाव."

महाराज मोटारसायकलकडं सरकत होते. पंडितांनी किल्ली आधीच काढून घेतली होती. कुणीतरी फोन केल्यावर पोलीस आले, त्यांनी वही उघडली, नावगाव विचारलं. संगणकनाथ महाराजांनी खाली मान घालून सांगितलं, की नाव बंकट, आणि धंदा मोबाइलची कव्हरं विकण्याचा.

सोमवारी सकाळी दीपमालानं दोरा सोडला, खिळे उपटले, राख पुसली. निळी ढाल सुरू केली, फायरवॉल सुरू केलं, कॉम्प्युटरच्या कंपनीनं पाठवलेल्या सुधारणा, म्हणजे अपडेट, भरून घेतल्या. मोबाइलवर तेजश्री मॅडम सांगत होत्या. "सध्या एवढं पुरेसं आहे. विकतचं अँटीव्हायरस हवं असेल तर ते बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, कुणी आणून दिलेल्या पेनड्राइव्हमधून नको. आणि दोन-दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका, एकमेकांनाच चोर समजतात."

आप्पा मागं उभे होते.  "आग न्हाई, भिंत न्हाई, मंग फायरवॉल म्हंजी हाय तरी काय?"

दीपमालानं विचार केला. "आप्पा, तुमी दारात बाजंवर बसलेले असता. कुणीबी आलं की इचारता, कोण बाबा तू, कुठला, कुणाकडं काम हाय? सांगता आलं न्हाई तर आत सोडत न्हाईत. परवा गॅसवाल्यालाबी उभं केलं. तेच काम फायरवॉल करतंय."

आप्पांनी पडद्यावरच्या निळ्या ढालीवर बोट ठेवलं.

"मंग ह्या बंकटला मी कावून न्हाई इचारलं?"

"त्यानं इचारायचीच भीती घातली व्हती, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. दहाला पाच मिनिटं कमी असताना पुण्याहून पहिले कागद आले आणि दीपमालाची बोटं चालू लागली.

कॉम्प्युटर आपल्या घरी नवा आहे, पण तो यंत्र आहे. तो बिघडतो, त्याला चोर लागतात, आणि त्या चोरांवर माणसांनीच उपाय शोधलेले आहेत. ते उपाय माहीत नसले तर माहितगाराला विचारावं, यात कमीपणा नाही. मात्र जो माणूस 'विचारू नका, हात लावू नका, उघडू नका' असं म्हणतो, त्याला आधी विचारावं: कोण बाबा तू, कुठला, आणि माझ्या पासवर्डाशी तुझं काय काम?