ट्वायलाचं मनगट

ऑर्व्हल ट्रीस म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. बहीण जाऊन बरीच वर्षं झाली, पण ओढ्यापलीकडेच राहतो म्हणून येणंजाणं राहिलं. जन्मभर तो टायरच्या दुकानात राबला आणि चाकाचा तोल साधायला लावतात ती शिशाची जुनी वजनं डब्यांत भरून घरी आणत राहिला. छपराखाली ते शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, निवलेल्या गोळ्यांना मेण फासायचं, आणि वेचून आणलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी कवचांत बंदुकीची दारू भरून वर गोळी बसवायची, हा त्याचा धर्म. चर्च त्यानंतर. आर्कान्सातल्या आमच्या या डोंगरात दुकानातून काडतुसं आणणारा माणूस त्याच्या लेखी आळशी.

"विकतची काडतुसं आणि विकतचा मक्याचा पाव, दोन्ही बायको नसलेल्यांसाठी," असं म्हणायचा. त्याला स्वतःलाच बायको नव्हती, हे कुणी बोलून दाखवत नसे.

त्याची मुलगी ट्वायला वरच्या पडीक जमिनीवर शेळ्या पाळायची. नवऱ्यापासून फारकत घेऊन परत आली, तेव्हा तारेचं कुंपण तिनं एकटीनं ओढलं. बापाकडे मदत मागितली नाही, आणि बापानंही विचारलं नाही. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग कुत्र्यांचा त्रास सुरू झाला. शहरातली माणसं नको झालेली कुत्री गाडीतून आणून आमच्या रस्त्यावर सोडून जातात. काही मरतात, उरलेली टोळी करून रानात राहतात. त्या वर्षी त्यांनी तिची तीन करडं नेली. चाऱ्याच्या बादल्या दोन्ही हातांत असताना लांब बंदूक अडचणीची, म्हणून तिनं कमरेला बसेल असं छोटं पिस्तूल घेतलं.

ऑर्व्हलला भलताच आनंद झाला. लेकीला काय द्यावं हे त्याला कधीच कळलं नव्हतं, आता सापडलं. "या पिस्तुलाचं पोट मी भरतो," म्हणाला. "दुकानाची पायरी चढायची नाही."

आता गोष्ट अशी, की ऑर्व्हल हा रिव्हॉल्व्हरवाला माणूस. रिव्हॉल्व्हरचं चक्र बोटाच्या जोरावर फिरतं, काडतूस कसंही मऊ असो. छोट्या पिस्तुलाचं तसं नसतं. त्यात काडतुसाच्याच धक्क्यानं वरचा भाग मागे जातो, रिकामं कवच बाहेर फेकतो आणि नवं आत घेतो. धक्का कमी पडला की सगळं अर्ध्यावर अडकतं. आणि ऑर्व्हल दारू नेहमीच हात आखडून घालायचा. जोरात सुटली तर गोळीचं शिसं नळीला आतून चिकटत जातं, हे त्याचं म्हणणं होतं, आणि खोटंही नव्हतं.

रविवारी प्रार्थनेनंतर छपरामागच्या खड्ड्यात तिचा सराव चालायचा. दोन गोळ्या सुटायच्या, तिसऱ्याला कवच अडकायचं.

"मनगट ढिलं सोडतेस, धक्का त्यातच जिरतो," ऑर्व्हल म्हणायचा.

"बाबा, मी घट्टच धरलंय."

"घट्ट धरलं असतंस तर अडकलं असतं का? तुझ्या आईचंही असंच. पीठ मळतानासुद्धा हातात जोर नाही."

"दुकानातल्या काडतुसांनी एकदाही अडकलं नाही."

"दुकानातली! त्यांना काय कळतंय? पगारावर भरतात ती पोरं."

मी मध्ये पडलो. "ऑर्व्हल, थोडी दारू वाढवून बघ ना."

"वेंडेल, तू शाळेची बस चालवायचास. तेवढंच बोल."

त्यावर ट्वायला हसली नाही. तिनं अडकलेलं कवच नखानं काढलं आणि पुन्हा नेम धरला. नंतर आम्ही दोघंच असताना म्हणाली, "मामा, त्यांचीच वापरते. नाहीतर महिनाभर बोलायचे नाहीत. आत्ता कुठे बोलायला लागलेत."

फेब्रुवारीत शेळ्या व्यायला लागल्या, आणि रक्ताच्या वासानं चार कुत्री सकाळीच आली. मी अंगणात लाकडं फोडत होतो. एक बार ऐकला. दुसऱ्याची वाट पाहिली. तो झालाच नाही. तिचं ओरडणं मात्र ऐकू आलं. छर्र्याची बंदूक घेऊन मी चढ चढलो. या वयात जेवढं धावता येतं तेवढं धावलो.

पहिल्या गोळीनं एक पिवळं कुत्रं पडलं होतं. दुसऱ्याला कवच तोंडाशीच अडकलं होतं. ते काढायला दोन्ही हात लागतात, आणि तिच्या उजव्या हाताला तोवर काळं कुत्रं लोंबकळत होतं. डाव्या हातातल्या पिस्तुलानं ती त्याच्या डोक्यावर घाव घालत होती. मी हवेत बार काढला तेव्हा त्यानं हात सोडला. मागे गवतावर चार व्यायलेल्या शेळ्या पडल्या होत्या. ओली करडं तशीच ओरडत होती, त्यांना चाटायला कुणी उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी हात वाचवला, पण शिरा तुटल्या होत्या. दोन बोटं मिटणार नाहीत म्हणाले.

ऑर्व्हल दुपारी दवाखान्यात आला. टोपी हातात, चेहरा राखेसारखा. पलंगाशी उभा राहिला. मला वाटलं, आता रडेल. तो म्हणाला, "घाबरलीस की मनगट आणखी ढिलं पडतं. मी सांगत होतो."

ट्वायलानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं.

"माणूस आहेस की कोण?"

"खरं तेच बोललो."

"मग चल. खरं काय ते बघू."

पिस्तूल माझ्या गाडीतच होतं. कवच काढून, पुसून ते त्याच्या हातात दिलं. त्याच खड्ड्यात, त्याचीच काडतुसं. ऑर्व्हलचं मनगट म्हणजे बैलाचा खूर, टायर उचलून घट्ट झालेलं. पहिली सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्याला कवच अडकलं. त्यानं ते झटकून काढलं, पुन्हा दाबलं. पुन्हा अडकलं.

त्यानं पिस्तूल उलटंसुलटं करून पाहिलं, आतल्या मेणाच्या काळ्या थरावर अंगठा फिरवला. त्याला कळलं होतं. ते त्याच्या लाल झालेल्या मानेवर दिसत होतं. मग तो म्हणाला, "स्प्रिंग खराब आहे. स्वस्तातला माल. तिला तेव्हाच म्हणालो होतो, रिव्हॉल्व्हर घे."

असं तो कधीच म्हणाला नव्हता.

हात बांधलेलाच असताना ट्वायलानं उरलेल्या शेळ्या विकल्या. करडं कुणी घेईना, ती माझ्याकडे सोडली. स्प्रिंगडेलला कोंबड्यांच्या कारखान्यात तिला काम मिळालं, सरकत्या पट्ट्यावर कोंबड्या कापायचं नाही, त्यासाठी बोटं लागतात. ती फरशा धुते. निघताना बापाच्या घरावरूनच रस्ता जातो. तिथे तिनं गाडी हळू केली नाही.

पेट्रोल पंपावर सकाळी म्हातारे कॉफीला जमतात. तिथे ऑर्व्हल आता सगळी हकीकत सांगतो. कुत्री चारची सात झाली आहेत. "पोरीला शिकवलं होतं मी सगळं," म्हणतो, "पण वेळ आली की रक्त बोलतं. आईवर गेली." म्हातारे माना हलवतात. त्याची काडतुसं अजून सगळ्यांना आवडतात, रिव्हॉल्व्हरमध्ये ती चालतातही उत्तम. मी तिथे जायचं सोडलं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ट्वायलानं मला फोन केला. करडांची चौकशी केली, थंडीची केली. मग विचारलं, "बाबा नीट जेवतात का?"

"जेवतो. बोलतेस का? ओढ्यापलीकडेच आहे, बोलावून आणतो."

"नको," ती म्हणाली. "ते माफी मागतील अशी आशा वाटायला लागेल मला परत."