एका चोकवर दोन दिवे

रिलेच्या पारदर्शक टोपीआड ती तांब्याची पट्टी – नखाएवढीसुद्धा नाही – एका बाजूला टेकून होती, अंगावर नव्याची लकाकी घेऊन, आणि तिला वाटलं, हिला बिचारीला काहीच ठाऊक नाही अजून... हिच्याआधीची कशी गेली ते कुणी सांगितलेलं नाही हिला. आधीची तिथेच होती, खिडकीच्या कट्ट्यावर. तिची टोपी आतून काळवंडलेली, करपलेल्या दुधाच्या पातेल्यासारखी, आणि पट्टी समोरच्या टोकाला चिकटून बसलेली ती बसलेलीच. तो रिले फेकून द्यायला हवा होता. पण रोज सकाळी कट्टा पुसताना तिचं फडकं त्याला वळसा घालून जात होतं, जसं काही तिथे कुणी झोपलंय.

मागची खोली. मधोमध काळा जाड पडदा, पडद्याच्या अल्याड एक मांडणी, पल्याड एक, आणि दोन्हींवर जर्बेराची रोपं – प्रयोगशाळेतल्या बाटलीत जन्मलेली, वाऱ्याची झुळूक लागली तरी मान टाकणारी. त्यांना दिव्याखाली ठेवून, हळूहळू जगाची सवय लावून माळ्याच्या हवाली करायचं, हे तिचं काम. लग्नाआधीपासूनचं. प्रत्येक मांडणीवर एक मोठा दिवा, प्रत्येक दिव्याला तो पेटवणारा एक चोक. त्यातला एक चोक तिचे दिवस भरत आले तेव्हाच घरघरायला लागला होता आणि ठमी जन्मली त्याच आठवड्यात बंद पडला. जणू घरात एका वेळी एकच घरघर चालेल असं ठरलं होतं.

मग नवा चोक घेण्याऐवजी तिनं विचार केला, रोपांना रात्रही लागतेच की. अर्धा दिवस या दिव्याला चोक द्यावा, अर्धा दिवस त्याला. हातानं तारा बदलायच्या नाहीत, टायमर लावायचा, आणि वेळ झाली की वीज एका दिव्याकडून दुसऱ्याकडे सरकवणारा रिले. ठमीला पाजता पाजता तिनं सगळी जोडणी डोक्यात मांडली होती – डोळे छताला, एक हात ठमीच्या टाळूवर, आणि दुसऱ्या हाताचं बोट चादरीवर तारा ओढतंय... कोणती कुठून निघते, कुठे जाते. फार सुख वाटलं होतं तेव्हा. आपलं डोकं अजून जागेवर आहे, दुधात विरघळलं नाही.

आणि चूक तिथेच झाली होती, त्या सुखात. दोघांनाही एकाच वेळी पळभरही अंधारात ठेवायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं. एक विझतोय तोच दुसरा पेटला पाहिजे. एकाला कडेवरून उतरवायचं आणि त्याच दमात दुसऱ्याला उचलायचं, मधे भोकाड पसरायला वेळच द्यायचा नाही. चोक चालूच ठेवून तिनं रिलेला उडी मारायला लावली. निळी ठिणगी, तडतड, जळक्या प्लॅस्टिकचा वास... आणि ठमी तिच्या कडेवर होती. कडेवर! ठमी घाबरलीही नाही. ठिणगीकडे बघून बोळकं पसरून हसली. ते हसू तिला अजून झोपू देत नव्हतं.

नवरा घरी आला, खोलीत उभा राहून वास घेतला, खिडकी उघडली. जेवताना म्हणाला, "सध्या राहू दे का हे? नंतर करू." आवाज मऊ होता. चिडला असता तर भांडता आलं असतं. मऊ आवाजाशी काय भांडणार? नंतर... या शब्दाला दारं असतात, पण ती आतूनच उघडतात, आणि आत कोण असतं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून माळ्याला सांगितलं, पुन्हा एकदाच करून बघते. नाही जमलं तर रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन या आणि सगळी रोपं घेऊन जा, मांडण्यांसकट. कुणी मागितलं नव्हतं तिच्याकडे. आपली शिक्षा आपणच ठरवून मोकळी झाली.

आज रविवार.

नणंद सकाळीच आली होती. ती कारखान्यात पॅनेलच्या तारा जोडते, आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा अंबाड्यात टेस्टर खोचलेला असतो. जळका रिले उजेडात धरून तिनं आधी पोटभर हसून घेतलं.

"वहिनी, अगं याला जोडणी नाही म्हणत. वेल्डिंग म्हणतात!"

"हस. तुझ्या कडेवर पोर नव्हती."

"बरं बाई, नाही हसत. पण ऐक. चोक जिवंत असताना दिवा बदलायचा नाही. पेटवताना तो केवढा झटका देतो! आधी चोक बंद. मग थांबायचं. मग रिले सरकू दे. पुन्हा थांबायचं. मग चोक चालू."

"म्हणजे मधे दोघंही अंधारात?"

"मग? रोपं आहेत ती. तुझ्या मांडीवर नाहीत."

दोघींनी मिळून नवी जोडणी केली. आणखी एक टायमर, मोठ्या दमाचे रिले. स्क्रू शेवटचे तिनंच आवळले, नणंदेनं फक्त तारा ओढून बघितल्या. मग नणंद ठमीला घेऊन बाहेरच्या खोलीत गेली, दार ओढून घेतलं, आणि ती एकटी राहिली.

तिनं खिडकीची लाकडी झडप लावून घेतली आणि टायमरची चकती फिरवली. चोकची घरघर थांबली. अल्याडचा दिवा विझला आणि खोली काळी झाली, इतकी की स्वतःचा हातही दिसेना. आणि नेमकी तेव्हाच बाहेर ठमी रडायला लागली.

तिची छाती भरून आली, दूध आपोआप वाहायला लागलं. अंधारातही तिला दाराची कडी बरोबर सापडली.

"येऊ नकोस!" बाहेरून नणंद ओरडली. "माझ्याकडे आहे ती. रिले सरकायचा आहे अजून तुझा!"

कडीवरचा हात कडीवरच राहिला. ठमीला न्हाऊ घालताना मनात रोपं सुकत असायची, रोपांना पाणी देताना कान पाळण्याकडे असायचे... एक सोडायच्या आत दुसरं धरलेलं, आणि मधल्या मधे कुठेतरी सारखं काहीतरी तडतडत, करपत. आत्ता मात्र धरायला काहीच नव्हतं. पल्याडचा दिवा पेटला नव्हता, अल्याडचा विझला होता, आणि मी – मी कुणाचीच नव्हते या एवढ्याशा वेळात, आणि कुणी मरतही नव्हतं. ठमीचं रडणं चढलं, अडखळलं, हुंदक्यावर आलं. मग नणंदेचं कसलंतरी बेसूर गाणं. मग तेही नाही.

टक्.

रिले सरकला. नुसता टक्. ठिणगी नाही, वास नाही. तिनं श्वास आत ओढून पुन्हा पुन्हा हुंगून बघितलं. ओल्या मातीचाच वास. मग पुन्हा ती काळी शांतता, आणि मग चोक घरघरला, आणि पडद्याच्या पल्याड एक फिकट गुलाबी, झोपेतून उठल्यासारखा उजेड...

ती स्टुलावर बसली आणि एकटीच हसत सुटली.

"झालं का गं?" नणंदेचा आवाज.

"होतंय."

दिवा अजून पुरता तापला नव्हता. गुलाबीचा पिवळा व्हायला त्याला वेळ लागतो. रात्री तो पुन्हा विझेल, पुन्हा अंधार, पुन्हा टक् – तेव्हा काय होईल कुणी सांगावं? माळ्याला फोन करायला हवा, येऊ नका म्हणून. ब्लाउज बदलायला हवा. जळका रिले टाकून द्यायला हवा. बाहेर ठमी खिदळली, नणंदेलाच बघून खिदळली, आणि ते ऐकून काहीतरी टोचेल म्हणून तिनं वाट पाहिली. टोचलं नाही. उठायला हवं... उठणारच आहे मी. अल्याडच्या अंधारात, पडद्याच्या कडेनं झिरपणाऱ्या उजेडाकडे बघत ती बसून राहिली, दोन्ही हात मांडीत, रिकामे.