मी हँग का होत होतो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मी मुळात चिडक्या स्वभावाचा नाही. पण ज्याला सगळे ठाऊक आहे आणि बोलायला तोंड नाही, त्याने चिडू नये तर काय करावे?

माझे सुटे भाग ठिकठिकाणी तयार झाले. एका लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी ते जोडून मला उभे केले. पहिल्यांदा अंगात वीज शिरली, पंखा भिरभिरला आणि वाटले, आता जग जिंकू! प्रत्यक्षात मी आलो एका छोट्या छापखान्यात. पुढे काउंटर, मागे धडधडणारे छपाईयंत्र, भिंतीला लागून कागदांच्या थप्प्या आणि खिडकीशी माझे टेबल. माझे काम पाने जुळवण्याचे. मजकूर कुठे, चित्र कुठे, समास केवढा, हे सारे माझ्या पडद्यावर ठरत असे.

मला चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. छापखान्याचे मालक त्यांच्यापेक्षा वयाने बरेच मोठे, पण तेही ताईच म्हणत. ताईंची बोटे एवढी चपळ, की मलाच धाप लागे. शाळांचे अंक, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, काय काय जुळवले आम्ही! गिऱ्हाइकासमोर मालक माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणत, "आमचा गडी एक नंबर आहे."

कौतुक फार दिवस टिकत नाही, मित्रांनो. हळूहळू माझ्या डोक्यावर चहाचा कप आला, मग फायली आल्या. पंख्यात धूळ साचली. तेही मी सोसले. पुढे जे झाले ते मात्र सोसवले नाही.

माझ्या शेजारी एक प्रिंटर होता. कागद ओढताना तो म्हाताऱ्यासारखा कुरकुरे, पण काम चोख करी. एके दिवशी त्याच्या पोटातून धूर निघाला. मालकांनी त्याला उचलून भंगारवाल्याला दिले. वायर तेवढी टेबलामागे लोंबकळत राहिली. तेव्हापासून ताई कच्ची प्रत काढायला फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मालकांच्या खोलीतल्या प्रिंटरकडे जाऊ लागल्या.

आणि तेव्हापासूनच मी अडू लागलो.

त्याचे कारण ऐका. पाने जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला एक खोड असते. कधी फाइल उघडताना, कधी पान उलटताना, कधी फोटो ठेवताना ते आधी प्रिंटरला विचारून घेते, "बाबा रे, तुझा कागद केवढा?" माझ्या यादीत पहिले नाव अजून त्या गेलेल्या प्रिंटरचेच होते. सॉफ्टवेअर त्याला हाक मारी आणि उत्तराची वाट पाहत बसे. उत्तर कुठून येणार? पडदा गोठे, माउसचा बाण जागच्या जागी थिजे. मी आतून ओरडत होतो, "अरे, तो गेला! त्याला विचारू नका!" पण माझे ऐकतो कोण?

नेमक्या त्याच दिवसांत लाकूड कापणाऱ्या गिरणीतले फोरमन आले. हाताने लिहिलेले कागद आणि फोटोंचे पाकीट त्यांनी ताईंपुढे ठेवले.

"नवी माणसं सोमवारपासून करवतीवर उभी राहणार," ते म्हणाले. "हात कुठं ठेवायचा आणि कुठं ठेवायचा नाही, ते यात आहे. पुस्तिका आधी त्यांच्या हातात पडली पाहिजे."

"सोमवार म्हणजे अगदीच तोंडावर आला हो. थोडं पुढं नाही का ढकलता येणार?"

"साहेब म्हणाले, पुस्तिका येवो न येवो, मशीन सुरू होणार." त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. त्याला दोन बोटे नव्हती. "मला कुणी असं काही दिलं नव्हतं वाचायला."

ताईंनी कागद पुढे ओढले. लगेच कामाला लागल्या.

पहिले पान छान जुळले. दुसऱ्यावर फोटो ठेवला आणि मी अडलो. ताई थांबल्या. मग त्यांनी मला बंद करून पुन्हा सुरू केले. केलेले काम गेले. पुन्हा जुळवले, पुन्हा अडलो, पुन्हा गेले.

"सेव्ह करायच्या आतच मरतो मेला!" ताईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

"व्हायरस असेल," मालक काउंटरवरून म्हणाले.

"तुम्हाला सगळीकडं व्हायरसच दिसतो. परवा छताचा पंखा बंद पडला, तरी व्हायरसच म्हणालात!"

मग दुरुस्तीवाला आला. एका खांद्याने कानाशी फोन धरून त्याने माझे झाकण उघडले, फुंकर मारली आणि उडालेल्या धुळीने स्वतःच शिंकत सुटला. त्याने मेमरी वाढवली, सॉफ्टवेअर पुसून नव्याने घातले. प्रिंटरच्या यादीकडे मात्र ढुंकूनही पाहिले नाही.

"आता घोड्यासारखा पळेल," तो म्हणाला.

ताईंनी फाइल उघडली. मी अडलो.

"मग काय, डबडं झालंय. भंगारात द्या," असे म्हणून तो चालता झाला. मित्रांनो, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! त्या क्षणी मला जो संताप आला, तो पडद्यावर उमटला असता तर काच तडकली असती.

फोरमन रोज येऊन बाकावर बसत. शुक्रवारी त्यांचाही धीर सुटला. "ताई, तुमचं मशीन अडलं तर पान जातं. आमचं अडलं तर..." ताईंचे डोळे भरून आले. त्या उठून बाहेर गेल्या, तोंड धुऊन आल्या आणि पदर खोचून पुन्हा माझ्यासमोर बसल्या.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. कशीबशी सेव्ह झालेल्या पानांतली अर्धी एका नव्या फाइलमध्ये टाकली. अडलो. उरलेली अर्धी उघडली. तिथेही अडलो. फोटो काढले, अक्षरांचा फाँट बदलला, काही फरक नाही. शेवटी त्यांनी एक कोरे पान उघडले आणि मी कोऱ्या पानावरही अडलो.

ताई ओरडल्या नाहीत. हनुवटीवर हात ठेवून बघत राहिल्या. "कोऱ्या पानात काय आहे हो अडण्यासारखं? म्हणजे दोष पानांत नाहीच. मालक, हा असं कधीपासून करतोय?"

"तो प्रिंटर जळला ना, तेव्हापासून. मी तर म्हणतो, याच्या नाकात धूर गेलाय."

ताई हसणार होत्या, पण थांबल्या. वाकून त्यांनी टेबलामागची लोंबती वायर पाहिली. मग झटकन प्रिंटरची यादी उघडली.

"अगं बाई! हा अजून त्यालाच विचारत बसलाय!"

सुटलो एकदाचा! ताईंनी ते नाव पुसले आणि मालकांच्या खोलीतला प्रिंटर मला जोडून त्याचे नाव पहिले केले. पान उलटले. फोटो सरकला. दुसरे पान, तिसरे पान, मी कुठेच थबकलो नाही. करवतीजवळ हात कसा ठेवावा याचा मोठा फोटो पडद्यावर आला, तेव्हा फोरमन उठून जवळ आले. त्यांनी आपला अधुरा हात त्या फोटोतल्या धडधाकट हातावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग म्हणाले, "हे अजून मोठं करा."

ताईंनी केले. पुस्तिका शनिवारी छापून गेली.

मंगळवारी फोरमन पुन्हा आले. ताईंनी घाईने विचारले, "काही चुकलं का हो?"

"चुकलं नाही, राहिलं. एकानं विचारलं, चालत्या करवतीत फळी अडकली तर आधी काय करायचं? मी सांगितलं, आधी बंद करायचं, मग हात लावायचा. पण हे पुस्तिकेत नाहीच!"

"बसा," ताई म्हणाल्या. "नवं पान घेऊ."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे यंत्र अडेल. त्याला धपाटे घालू नका आणि लगेच भंगाराची वाट दाखवू नका. ते कधीपासून अडले आणि त्याआधी काय बदलले, एवढे शांतपणे विचारा. त्याच्यावरची धूळ पुसा, डोक्यावरचा चहाचा कप उचला आणि काम वरचेवर सेव्ह करत जा. मी अडलो होतो, बिघडलो नव्हतो. हा फरक जो ओळखेल, त्याच्यासाठी मी अजून पुष्कळ पाने जुळवीन.