बेंबीखालचा खाकी कागद

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. स्त्रीच्या शरीरातलं एकही गुपित माझ्यापासून लपलेलं नाही. निदान बेंबीपर्यंत तरी नाही.

१९९२ साली नाशिकच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. तिथले चित्रकार भिकनदादा यांनी एका डॉक्टरांचं विलायती पुस्तक समोर ठेवून मला रेखाटलं. पुस्तकातली बाई सोनेरी केसांची होती. "आपल्या पोरींना ही आपली वाटायची नाय," म्हणत त्यांनी मला चेहरा दिला तो स्वतःच्या बायकोचा, लंकाबाईंचा. एकट्या गर्भाशयावर ते महिनाभर बसले होते.

पुढे मी निफाडजवळच्या त्यांच्याच गावच्या शाळेत आलो. मोतीराम सरांनी मला पाहिलं, वर्गातल्या मुलींकडे पाहिलं आणि गव्हाच्या पिठाची खळ शिजवायला सांगितली. बेंबीखाली खाकी कागद बसला. माझ्या फुप्फुसांचं मात्र तपासणीला आलेल्या साहेबांनीही कौतुक केलं.

१९९९ साली भिकनदादांची मुलगी उज्ज्वला सातवीत होती. एका मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर उभी राहिली, फ्रॉकवरचा डाग दप्तराने झाकून. घरी आई दर महिन्याला बाजूला बसे, तेव्हा "कावळा शिवला" एवढंच तिच्या कानावर पडे. माझ्यात कावळा नव्हता. तिने आईचा चेहरा पाहिला, यकृत पाहिलं, आणि मग कागदच.

"सर, याच्याखाली काय आहे?"

"परीक्षेला नाही ते."

आपण मरणार, अशी तिची खात्री पटली. तिने कंपासपेटी मैत्रिणीला, मीनाला, देऊन टाकली. मीनाने ती लगेच दप्तरात टाकली. चौथ्या दिवशी झाडलोट करणाऱ्या शकुबाईंना उज्ज्वला कोपऱ्यात रडताना सापडली; पेटीसकट सगळं तिने सांगून टाकलं.

"मरत नाय तू. सगळ्या बायांना येतं हे. बस, सांगते. पेटी आधी परत माग."

हे कळल्यावर भिकनदादा शाळेत आले. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं.

"मुलींचा वर्ग आहे, दादा," सर म्हणाले.

"मुलींसाठीच काढलं व्हतं." मग खाली बघत म्हणाले, "पण घरी मीबी बोललो नाय."

तो कागद सरांनी काढला नाही, दादांनीही काढला नाही. पुढे मला अडगळीच्या खोलीत टाकलं, तिथे तो झुरळांनी काढला. खळीच्या गोडीने त्यांनी कागद खाल्ला आणि त्याखालचा दादांचा महिनाही. आता तिथे भोक आहे.

मित्रांनो, मुलींना वेळेवर सांगा. तेवढं धैर्य होत नसेल, तर पुढच्या वेळी खळीत चिमूटभर मोरचूद घाला. झुरळं लागत नाहीत.